लडाखला एकट्याने जायचंय, बॅग साडेअठरा किलोची झाली. काय काढू?

काळीकसदार | १४ जुलै, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, घरी आठ एकर. पाचात कापूस, बाकी सोयाबीन-तूर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डवरणी आणि खताचा डोस आटोपला की पंधरा दिवस हात मोकळे. पोळ्याच्या आत घरी पाहिजेच, नाही तर बैलांच्या आधी माझीच मिरवणूक निघेल.

तेवढ्यात लडाखची मारखा दरी चालून यायची आहे. चिलिंग, स्कियू, मारखा, हांकर, निमालिंग आणि शेवटी कोंगमारू ला ही खिंड, ५,२०० मीटरच्या आसपास. एकटाच जातोय. दोन मित्र तयार होते, पण एकाचं लग्न जमलं आणि दुसऱ्याची म्हैस व्याली. मी आजवर चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे चिखलदरा, तेही एसटीनं.

काल किराण्याच्या दुकानात धान्याच्या काट्यावर बॅग ठेवली. पाणी न भरता १८ किलो ५०० ग्रॅम. माझं वजन ६०. दुकानदार म्हणे, तूर आणली काय? आत काय आहे ते सांगतो: ६० लिटरची सॅक (रिकामीच १.९ किलो), स्लीपिंग बॅग २.१, मायनं जबरदस्तीनं दिलेली गोधडी २.७, दोन जीन्स, सहा सुती टी-शर्ट, हातानं विणलेला स्वेटर, फवारणीच्या वेळी घालतो तो जाड रेनकोट, छोटा गॅस स्टोव्ह आणि गंज (पातेलं), अडीच किलो खाण्याचं (सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे, जवसाची चटणी), पॉवर बँक, जागलीची डोक्यावरची बॅटरी, साबण-तेल-औषधं, चादर, टॉवेल, चप्पल.

काय काढू? सगळंच लागेलसं वाटते.

तर्री_पोहे | १४ जुलै, रात्री १०:०५

म्हैस व्याली हे कारण वाचून डोळे पाणावले बे.

गॅसचा डबा आधी काढ. रेल्वेत चालत नाही, विमानात तर नाहीच. वर्ध्याच्या प्लॅटफॉर्मवरच तुझा स्वयंपाक आटोपून जाईल.

अंबानगरीची_भटकी | १४ जुलै, रात्री ११:३०

मी मारखा दोनदा केली आहे, एकदा गटासोबत, एकदा एकटीनं. एकट्या माणसाला ही दरी जमते कारण वाटेत गावं आहेत आणि गावांत होमस्टे. रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, दुपारची शिदोरी, अंथरूण-पांघरूण, सगळं मिळतं. निमालिंगला गाव नाही, नुसती चराई आहे, पण हंगामात तिथंही तंबू असतात आणि आत गाद्या. म्हणजे स्टोव्ह, गंज, चादर तिन्ही बाद. तसंही त्या उंचीवर डाळ शिजत नाही. पाणी लेहलाच ८८ अंशांच्या आसपास उकळायला लागतं, निमालिंगला ८४-८५ अंशांत. सातू मात्र ठेव, त्याला शिजवायचंच नसतं. अर्धा किलो पुरे, अडीच किलो खाणं म्हणजे लग्नाची पंगत झाली.

स्लीपिंग बॅगवरचे आकडे पाहिलेस का? कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम असे दोन-तीन असतात आणि दुकानात नेहमी सगळ्यात खालचा दाखवतात. एक्स्ट्रीम म्हणजे रात्र कशीबशी जिवंत काढाल, झोपाल असं नाही. कम्फर्टचाच आकडा धर. ऑगस्टमध्ये निमालिंगला पारा शून्याला टेकतो. तुझी २.१ ची घरीच राहू दे, एक किलोच्या आसपासची लेहमध्ये भाड्यानं मिळते. मी तर दुसऱ्या खेपेला नुसतं लायनर नेलं होतं, आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीची खोळ, तीन बाजूंनी शिवलेली. दोनशे ग्रॅम. दुसऱ्याच्या पांघरुणात झोपायची किळसही वाटत नाही.

आता कपडे, आणि यावर तू भांडणार हे मला माहीत आहे. जीन्स दोन्ही काढ. सुती टी-शर्ट सहाच्या सहा काढ. गावात कबड्डीचं मंडळ असेल ना? त्यांची ती घसरी जर्सी असते तशा दोन घे. एक घालायची, एक वाळायची. त्यावर पूर्ण बाह्यांचं पातळ थर्मल, त्यावर फ्लीस (लोकरीसारखं मऊ, हलकं जाकीट), थांबल्यावर घालायला पिसांचं जाकीट आणि सगळ्यांवर पातळ वॉटरप्रूफ. थर एकावर एक चढवायचे, उतरवायचे. स्वेटर काढ, ओला झाला तर दोन दिवस वाळणार नाही. लडाख पर्जन्यछायेत आहे म्हणून पावसाचं काही नेत नाहीत लोक, पण २०१० च्या ऑगस्टमध्येच लेहला ढगफुटी झाली होती.

काळीकसदार | १५ जुलै, सकाळी ६:४०

ताई, बाकी सगळं मान्य. पण सुती नाही म्हणजे? पाच एकर कापूस पेरून रायलो अन अंगात पॉलिएस्टर घालून जाऊ? गावात तोंड कसं दाखवू?

सरकी | १५ जुलै, दुपारी १:१५

हिंगणघाटचा आहे, जिनिंगमध्ये वीस वर्षं गेली. तुझ्या भावना समजतात, पण कापसाची ओल आम्ही रोज मोजतो. तूही मोजून घेतली असशील. खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, मग १२ पर्यंत कपात, १२ च्या वर गाडी परत. कशासाठी? कापूस पाणी ओढून धरतो म्हणूनच ना.

साध्या हवेत सुद्धा सुती धागा वजनाच्या साडेआठ टक्के पाणी घेऊन बसलेला असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. लोकर तर १६ टक्के घेते, तरी ऊब सोडत नाही, कारण तिचा धागा कुरळा असतो, भिजल्यावरही मधली हवा राहते. सुती कापड भिजलं की बसतं, अंगाला चिकटतं. आणि पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट उष्णता ओढतं. चढताना घामानं बनियन भिजणार, खिंडीवर वारा लागणार, तिथं ते बनियन माठाचं काम करेल. मे महिन्यात आपल्याकडे ४६ अंशांत तेच तर सुख असतं.

तुझा कापूस खराब नाही रे भाऊ, फक्त त्याचं गाव वेगळं.

काळीकसदार | १५ जुलै, दुपारी १:३२

माठाचं उदाहरण दिलं अन बोलती बंद केली. 🙏

पण दुपट्टा तरी नेऊ द्या. पांढरा, सुती. उन्हाळ्यात डोक्याला नाही बांधला तर मला चालताच येत नाही.

अंबानगरीची_भटकी | १५ जुलै, दुपारी २:१०

दुपट्टा ने. खरंच ने. ऊन, धूळ, मानेचं पोळणं, सगळ्याला कामी येतो, आणि तिथल्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात वाळतो. फक्त खिंडीच्या दिवशी गळ्याला ओला ठेवू नकोस.

झाडीतला_पाखरू | १५ जुलै, सायंकाळी ७:४८

जाकीटासाठी नागपूर-पुण्याच्या महागड्या दुकानात जाऊ नको जी. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासून. हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकतात ते तिथलेच बरेच. ओळखीनं गेलं तर ऑफ सीझनला फ्लीस अन जाकीट बऱ्या भावात सुटतात. मी घेतलं होतं. फक्त आत पिसं आहेत का नुसता कापूस भरला आहे ते दाबून पाह्यजो. पिसाचं दाबलं की मुठीत मावते अन सोडलं की फुगते.

(आत कापूस निघाला तर धागाकर्त्याला आनंदच होईल म्हणा.)

धारणीची_डॉक्टर | १५ जुलै, रात्री १०:२०

सगळे कपड्यांवर बोलत आहेत, शरीरावर कुणीच नाही.

लेह ३,५०० मीटरवर आहे. दिल्लीहून सव्वा तासात विमान तिथं उतरवतं, शरीराला मात्र ते समजायला दोन दिवस लागतात. पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही. बाजारात फिरायचं, भरपूर पाणी प्यायचं, दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. तुझ्या वाटेवर हांकर ते निमालिंग ही उडी ७०० मीटरच्या पुढे जाते, म्हणून हांकरला एक रात्र जास्त काढ. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं, ही लक्षणं आली तर आहेस तिथंच थांब, आणि वाढली तर खाली उतर. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली. एकट्या माणसाला 'तू बावचळल्यासारखा बोलतोस' हे सांगायला कुणी नसतं, म्हणून होमस्टेवाल्यांना रोज स्वतःहून सांग की मला कसं वाटतंय. उंचीच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड ही गोळी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर अडचण होते. डॉक्टरला दाखवूनच घे, दुकानातून परस्पर नको.

आणि एक गोष्ट जी पुण्या-मुंबईच्या यादीत तुला सापडणार नाही. आपल्याकडे सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण बरंच आहे. आजार असलेल्यानं इतक्या उंचीवर जाऊच नये. पण नुसता वाहक असलेला माणूस, ज्याला इथं कधी काही त्रास होत नाही, त्यालाही विरळ हवेत प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली असह्य कळ येऊ शकते. सगळ्यांना होत नाही, पण होतं. जायच्या आधी ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून घे.

तर्री_पोहे | १५ जुलै, रात्री १०:४१

डॉक्टर, मी वाहक आहे. कॉलेजात तपासणी झाली होती, एएस आला. दोन वर्षांपूर्वी मनालीला गेलो, काही झालं नाही. मग?

धारणीची_डॉक्टर | १५ जुलै, रात्री ११:०२

मनाली २,००० मीटरच्या आसपास आहे. तिथं काही न होणं म्हणजे ५,००० ला काही होणार नाही असं नाही. एएस असलेले बरेच लोक वर जाऊन येतात. पण सावकाश चढायचं, पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि एकट्यानं नको. डाव्या बाजूला कळ आली तर 'गॅस झाला असेल' म्हणून बसून राहायचं नाही.

तर्री_पोहे | १५ जुलै, रात्री ११:०६

बरं. (पहिल्यांदा गंभीर झालो या साइटवर.)

माजी_सुभेदार | १६ जुलै, पहाटे ५:१०

बुलडाणा जिल्ह्यातला आहे. लेह भागात दोन वेळा पोस्टिंग झालं. पोरा, तुझ्याकडे दिवस असतील तर जाताना विमान नको, श्रीनगर-कारगिल रस्त्यानं जा. झोजी ला ही खिंड चढून उतरलास की कारगिल, २,६७६ मीटर. तिथं एक रात्र झोप, मग लेह. शरीर हळूहळू तयार होतं. मनालीकडून गेलास तर बरेच लोक सर्चूला रात्र काढतात, ते ४,२९० मीटर. पहिल्याच रात्री डोकं फुटायची वेळ येते. येताना विमानानं ये.

कुणीतरी तुला सॅटेलाइटवरून संदेश पाठवायचं यंत्र सुचवेलच. परदेशी व्हिडिओंत सगळे तेच दाखवतात. आपल्या देशात परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं गुन्हा आहे. विमानतळावर धरतात. त्याऐवजी प्लॅस्टिकची शिट्टी ने, सॅकच्या छातीच्या पट्ट्याला बांध. संकटात मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं. घरी एका कागदावर लिहून ठेव, कोणत्या तारखेला कुठं मुक्काम, आणि किती दिवस फोन आला नाही तर घाबरायचं. 'किती दिवस' हे लिहायचं विसरू नको, नाहीतर तुझी माय दुसऱ्याच दिवशी घाबरेल. प्रीपेड सिम लडाखात मेलेलं समज, पोस्टपेड पाहिजे. दरीत एटीएम नाही, सुट्टे पैसे ने.

नदी. मारखाचं पाणी दोन-तीन ठिकाणी पायात घ्यावं लागतं. हिमनदीचं पाणी आहे, दुपारी ऊन तापलं की चढतं. सकाळीच ओलांड. अनवाणी नाही, पट्ट्याची सँडल घाल. तुझी ती चप्पल वाहून जाईल. पाण्यात उतरायच्या आधी सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोड. पडलास तर सॅक सोडता आली पाहिजे, सॅकनं तुला धरून ठेवायला नको.

सॅक भरायची कशी हे कुणी सांगितलं नाही. खाली झोपायचं सामान. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये. जड सामान बाहेरच्या खिशात टाकलंस की चढावर सॅक मागे ओढते, हलकीच पण दिवसभर. ओझं कमरेच्या हाडावर आलं पाहिजे. पट्टा बेंबीवर बांधतात लोक, मग खांदे दुखले म्हणून रडतात. सॅकच्या आत सगळ्यात आधी एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाल आणि सगळं त्यात भर. वरून घालायचं कव्हर वाऱ्यात उडतं.

बूट आत्ताच घे. अर्धा नंबर मोठा, उतरताना बोटं पुढं जातात. महिनाभर त्याच बुटात शेतात जा.

काळीकसदार | २९ जुलै, रात्री ८:५०

हिशेब देतो.

सिकलसेलची तपासणी केली, एए आला, म्हणजे वाहकही नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे बुटात शेतात गेलो. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर एका बुटाला दोन किलो माती चिकटते, म्हणजे सराव फुकटात दुप्पट झाला. गावच्या तलावाच्या पाळीवर रोज संध्याकाळी तुरीचं दहा किलोचं पोतं सॅकमध्ये टाकून वीस वेळा वर-खाली. पहिल्या दिवशी पोरं हसली, चौथ्या दिवशी मागे चालायला लागली.

जाड पिशवी म्हणून खताच्या गोणीतली आतली प्लॅस्टिक पिशवी धुवून घेतली. तीनदा धुतली, तरी जर्सीला वास येऊन रायला. आता साधी काळी कचऱ्याची पिशवी, दोन.

काठीचा प्रश्न होता. बाबा म्हणे तुतारी (बैल हाकायची काठी) ने. खिळा काढून नेली तरी विमानात हातात ठेवू देत नाहीत, म्हणून लेहमध्ये भाड्यानं घेणार. पॉवर बँक २०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-अवर होते. विमानातल्या शंभराच्या मर्यादेच्या आत आहे, पण ती उलटी हातातल्याच बॅगेत पाहिजे, चेक-इनमध्ये चालत नाही. रात्री ती अन फोन पांघरुणात घेऊन झोपायचं, थंडीत बॅटरी बसते.

आता गोधडी. माय दोन दिवस बोलली नाही. "परक्याच्या घरच्या वाकळीत झोपशील, पण आपली जड होते." मग मी ताईंचं साडीचं लायनर दाखवलं, फोनमध्ये. तिनं पेटी उघडून एक जांभळी नायलॉनची साडी काढली, माझ्या मामाच्या लग्नातली, अन दुपारभरात खोळ शिवून दिली. गोधडीला घालते तसेच धावदोरे, शिलाई मशीन घरात असून हातानंच. वजन २३० ग्रॅम. वर म्हणे, "हे माझंच आहे, वजन करू नको."

काट्यावर आज: ९ किलो ४००. दोन लिटर पाणी धरून साडेअकराच्या आत. दुकानदार म्हणे, तूर विकली वाटते.

अंबानगरीची_भटकी | २९ जुलै, रात्री ९:१५

मस्त! काळा चष्मा, ओठांचं मलम, सनस्क्रीन राहिलं बघ. आणि नखं काप.

काळीकसदार | २६ ऑगस्ट, रात्री ९:३०

आलो. पोळ्याच्या चार दिवस आधी.

हांकरला एक रात्र जास्त काढली ते बरं झालं. पहिल्या रात्री डोक्यात घण बसत होते, घरमालकीण दर तासाला गरम पाणी आणून देत होती, मी जुले-जुले (तिकडचा नमस्कार) म्हणत पीत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी निमालिंगला पोचलो तेव्हा भूक लागली होती, म्हणजे ठीक. मागे कांग यात्से उभा, सहा हजार चारशे मीटरचा, आणि समोर याकांचा कळप. आपली बैलं आठवली.

खिंडीवर थांबलो तो सात मिनिटं. जर्सी घामानं चिंब होती, जाकीट चढवलं अन वाऱ्यात पाच मिनिटांत अंगावरच वाळायला लागली. सरकी भाऊ, तुम्ही बरोबर होता. दुपट्टा सॅकमध्ये होता.

वापरलं नाही: शिट्टी, दुसरं थर्मल. जवसाची चटणी स्कियूच्या होमस्टेवाल्यांना एवढी आवडली की डबा तिथंच राहिला. चुकलं: नखं. ताईंनी सांगितलं होतं, मी विसरलो. खिंडीवरून शांग सुमदोच्या बाजूला उतार संपता संपत नाही. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आहेत, बैलांना हिंगूळ लावायचं तर मी उकिडवा बसू शकत नाही. आणि सनस्क्रीन नाकाला लावलं, नाकपुड्यांच्या खाली लावलं नाही. खालच्या बाजूनंही ऊन येते हे कोणी सांगितलं नव्हतं. तिथलं सोललं.

माजी_सुभेदार | २७ ऑगस्ट, पहाटे ५:०२

नखं पडतील. नवीन येतात. शाबास.

वणीची_सोनपरी | ११ डिसेंबर, दुपारी ३:२०

जुना धागा वर काढतेय, माफ करा. मी वणीची, मे मध्ये जायचं आहे. साइझ मीडियम असेल तर ती फ्लीस विकायची आहे का? पुन्हा कधी लागणार तुम्हाला?

काळीकसदार | ११ डिसेंबर, रात्री ८:१०

सध्या नाही हो. माय घालून जाते, सकाळी कापूस वेचायला. फेब्रुवारीत विचारून पाहतो तिला.